आषाढातला वारा आणि घरची वीज

पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरच्या कड्यावर पावसाळ्यात पाणी दरीत पडायला निघतं आणि खाली पोचतच नाही. दरीतून वर येणारा वारा त्याला उचलतो आणि परत पठारावर भिरकावतो. उलटा धबधबा म्हणून लोक सुट्टीच्या दिवशी तिथं गर्दी करतात. आयटीआयचं इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र घेऊन मी याच पठारांवर मोठ्या पवनचक्क्यांच्या देखभालीला होतो. आता स्वतंत्रपणे घरगुती सोलर आणि छोट्या पवनचक्क्या बसवतो. त्यामुळे त्या कड्यावर उभा राहिलो की मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे इथं ताकद किती आहे, आणि दुसरी म्हणजे घरची पवनचक्की या कड्यावर कधीच उभी करायची नाही. का, ते पुढे सांगतो.

सातारा आणि सांगली हे महाराष्ट्राच्या पवनऊर्जेचे जुने जिल्हे. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडी, मग वनकुसवडे, इकडे सडावाघापूर अशी समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपासची पठारं कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पूर्वेला पसरली आहेत. गेल्या शतकाच्या अखेरीस इथं यंत्रं उभी राहू लागली. वनकुसवड्याच्या प्रकल्पाची गणना तेव्हा आशियातल्या मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांत व्हायची. सांगलीकडे कवठेमहांकाळ तालुक्यातलं ढालगाव, जतचे माळ आणि पश्चिमेला शिराळा तालुक्यातलं गुढे-पाचगणीचं पठार. रात्री घाट चढताना लाल दिव्यांच्या रांगा दिसतात, त्या याच यंत्रांच्या.

ही वीज खांबावरून उपकेंद्रात जाते, तिथून ग्रीडमध्ये मिसळते आणि कुठल्या कुठं निघून जाते. मोठ्या यंत्राचं कामच ते, त्यात गैर काही नाही. पण पात्यांच्या सावलीत असलेल्या वाडीवर झाड पडून तार तुटली की तिथला अंधार त्या यंत्रानं हटत नाही. एका धनगरवाड्यावर एक मावशी मला म्हणाल्या होत्या, “लेकरा, आषाढात लाईट गेली की चार-चार दिस येत न्हाय. वायरमन तरी धुक्यात कुठं शोधंल तार?” अशा घरांसाठी हा लेख आहे. लाईन आलेलीच नाही, किंवा आली आहे पण ऐन पावसात टिकत नाही, त्यांनी घरची पवनचक्की बसवावी का?

माझं उत्तर असं, की आपल्याकडे घरची पवनचक्की हे पावसाळ्याचं यंत्र आहे. ती सोलरची जोडीदार म्हणून घ्यावी, एकटी घेऊ नये. आणि वारा मोजल्याशिवाय तर अजिबात घेऊ नये.

आपल्या दोन जिल्ह्यांत वाऱ्याचा खरा हंगाम नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. मे संपता संपता तो जोर धरतो. आर्द्रा, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस अशी नक्षत्रं तो गाजवतो आणि गणपती गेल्यावर ढिला पडतो. सोलरचं नेमकं उलटं असतं. डिसेंबर-जानेवारीच्या स्वच्छ उन्हात एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला चार-साडेचार युनिट आरामात देतात. तेच पॅनेल पाटणच्या पठारावर जुलैच्या धुक्यात कसंबसं एखादं युनिट देतात, काही दिवशी तेवढंही नाही. कोयनानगर-नवजाच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. नुसत्या सोलरवरचं घर त्या आठवड्यात बॅटरी उतरून अंधारात जातं. ऊन नसतं तेव्हा नेमका वारा असतो, हे इथल्या निसर्गाचं देणं आहे. घरगुती पवनचक्कीचा सगळा हिशोब त्यावरच उभा आहे.

हिशोब म्हणालो, तर तो थोडा करूनच पाहू. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. तीन मीटर व्यासाचा पंखा घ्या. त्याची पाती जे वर्तुळ कापतात, त्याचं क्षेत्रफळ सात चौरस मीटर. पठाराच्या उंचीवर हवा थोडी विरळ, घनमीटरला साधारण १.१ किलो. सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर वारा असेल तर त्या वर्तुळातून पावणेपाचशे-पाचशे वॅट वाहून जातात. सगळे पकडता येत नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध केलं, की कुठलाही पंखा वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त शक्ती काढू शकत नाही. घरगुती यंत्रं, तारा, कंट्रोलर सगळं धरून पंचवीस टक्के मिळाले तरी मी समाधानी असतो. म्हणजे हातात आले १२० वॅट. तोच वारा १० मीटरवर गेला की हातात साडेनऊशे वॅटच्या वर येतात. आणि ३ मीटरवर आला, तर पंचवीस वॅट.

दुकानदार तुम्हाला “एक किलोवॅटची पवनचक्की” विकतो, तो हा दहा-बारा मीटर वाऱ्याचा आकडा असतो. दिवसभर आठ मीटरचा वारा लागून राहिला तर हेच यंत्र बारा युनिट देईल. थंडीतल्या तीन मीटरवर दिवसभर फिरलं तरी जेमतेम अर्धं-पाऊण युनिट. यंत्र एकच, गाव एकच. म्हणून पत्रिकेवरचा किलोवॅट बाजूला ठेवा आणि विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: पात्यांचा व्यास किती, आणि ५ मीटर वाऱ्याला वॅट किती?

वारा मोजायचा म्हणजे नुसती सरासरीही पुरत नाही. समजा एका जागी दिवसभर एकसारखा ५ मीटर वारा आहे. दुसऱ्या जागी अर्धा दिवस २ आणि अर्धा दिवस ८. सरासरी दोन्हीकडे पाचच, पण घनाचा हिशोब मांडला तर दुसऱ्या जागी शक्ती दुपटीहून जास्त निघते. म्हणून वाट्यांचा वेगमापी आणि त्याला दर काही मिनिटांनी नोंद ठेवणारा लॉगर, हे दोन्ही पाहिजे. जिथं यंत्र उभं करायचं तिथंच, शक्यतो त्याच उंचीवर, निदान एक पावसाळा आणि पुढचा हिवाळा ते ठेवावं.

वाऱ्याच्या नोंदींचा विषय निघाला, की मला अॅना मणी यांचं नाव घ्यावंसं वाटतं. १९१८ साली केरळात जन्मलेल्या या शास्त्रज्ञ बाई १९४८ मध्ये पुण्याला हवामान खात्याच्या उपकरण विभागात आल्या. हवामानाची उपकरणं परदेशातून न आणता इथंच बनावीत म्हणून त्यांनी जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. निवृत्तीनंतर त्या वाऱ्याच्या पाहणीच्या कामात उतरल्या. भारतातल्या पवनऊर्जेच्या आकडेवारीचा त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये आला. आज चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था देशाचा वाऱ्याचा नकाशा देते, त्यामागे अशा माणसांची मेहनत आहे. मात्र तो नकाशा मोठ्या यंत्रांच्या उंचीचा. तुमच्या परसातल्या साठ फुटांवर, आंब्याच्या झाडापलीकडे काय चाललंय, हे त्या नकाशाला ठाऊक नसतं. ते तुम्हालाच मोजावं लागतं.

जागा निवडताना मी पहिल्यांदा अडथळे बघतो. झाड, घर, गोठा यांच्या मागे वारा फाटतो, घुसळतो. पंखा अशा घुसळलेल्या वाऱ्यात राहिला तर वीज कमी आणि बेअरिंगची झीज जास्त. जगभर वापरला जाणारा नियम असा, की दीडशे मीटरच्या परिसरात जो सर्वांत उंच अडथळा असेल, त्याच्याहून पात्यांचं खालचं टोक निदान दहा मीटर वर असावं. उघड्या माळावर सुद्धा वीस फुटांऐवजी साठ फुटांवर गेलं तर वाऱ्यातली शक्ती साधारण दीडपटीहून जास्त होते. खांबावर वाचवलेला पैसा असा वाया जातो. घराच्या स्लॅबवर छोटा खांब ठोकून पंखा लावण्याची कल्पना लोकांना फार आवडते. मी ती करत नाही. छपरावर वारा घुसळलेलाच असतो, आणि पंख्याची थरथर रात्रभर भिंतीतून कानात येते.

आता कड्याचं. कड्याशी वारा आडवा येत नाही, खालून तिरका वर येतो. धबधबा उलटा उडतो तो त्यामुळेच. आडव्या वाऱ्यासाठी बनवलेल्या पंख्याला हा तिरका मार सोसत नाही. वेग जास्त दिसतो म्हणून मोह होतो, पण यंत्र कड्यापासून आत, वारा पुन्हा आडवा होऊन शांतपणे वाहतो तिथं घ्यावं.

खांब उभा करायचा तो जानेवारी-फेब्रुवारीत, सकाळी, वारा पडलेला असताना. घरगुती कामाला ताणाच्या तारांचा, खाली झोपवता येणारा खांब सर्वांत सोयीचा, कारण दुरुस्तीसाठी साठ फूट चढायला लागत नाही. खांबाच्या बुंध्याला बिजागरी, काटकोनात एक आडवा पाइप, त्याला वायर रोप आणि हाताची विंच. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती वीतभर, खाली अखंड जांभा. तिथं खड्डे खणत बसू नये. जांभ्यात भोक पाडून अँकर रॉड सिमेंट किंवा रसायनाने पक्के करावेत; सड्यावरची फुलांची मातीही त्यामुळे वाचते. जत-कवठेमहांकाळकडे मुरूम असतो, तिथं काँक्रीटचे ठोकळे पुरावे लागतात. खांब वर जाताना त्याच्या पडण्याच्या रेषेत मी कोणालाही उभं राहू देत नाही, घरमालकाला सुद्धा. उभा झाल्यावर टर्नबकलने तारा सारख्या ताणायच्या, आणि पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा येऊन तपासायच्या, कारण नवी तार सैल पडतेच.

अर्थिंग आणि वीज पडणं, या दोन बाबतींत काटकसर नको. जांभ्याच्या खडकात अर्थिंग चांगलं लागत नाही. एका खड्ड्यावर भागत नाही. मीठ-कोळशाचे दोन-तीन खड्डे करून ते जोडावे लागतात आणि उन्हाळ्यात त्यांत पाणी घालावं लागतं. एप्रिल-मे महिन्यातल्या वळवाच्या विजा पठारावरच्या उंच खांबाला सोडत नाहीत. खांबाला स्वतंत्र अर्थिंग आणि घरात येणाऱ्या तारांवर सर्ज अरेस्टर हवाच.

पंख्याच्या आत कायम चुंबकाचं जनित्र असतं. त्यातून तीन तारा निघतात. यंत्र खांबावर चढवण्यापूर्वी मी घरच्या माणसांना एक प्रयोग हातानं करायला लावतो. तिन्ही तारा मोकळ्या ठेवून आस फिरवायची. ती गरागरा फिरते. मग तारांची टोकं उघडी करून एकत्र पिळायची आणि पुन्हा फिरवायची. आता आस चिखलात रुतल्यासारखी जड होते, जोर लावला तरी हळूच सरकते. हाच पंख्याचा ब्रेक. खाली भिंतीवरच्या ब्रेक स्विचमध्ये हेच होतं. एकदा स्वतःच्या मनगटाला तो फरक कळला की घरातली पोरंसुद्धा विसरत नाहीत: पंख्याच्या तारा वाऱ्यात कधीही मोकळ्या सोडायच्या नाहीत. बॅटरी भरली म्हणून कोणी फ्यूज काढला तर पंख्यावर भार उरत नाही, तो सुसाट सुटतो आणि पाती तुटून उडू शकतात. म्हणूनच कंट्रोलरला डम्प लोड जोडलेला असतो. बॅटरी भरली की जादा वीज हीटरच्या कॉइलमध्ये जाते. जोराचं वादळ चालू असताना ब्रेक दाबू नये, जनित्राची कॉइल जळू शकते. वारा दम घेतो त्या क्षणी दाबावा. फार वाऱ्यात चांगला पंखा शेपटी दुमडून आपणहून बाजूला वळतो. विकत घेताना ती सोय आहे का, ते बघावं.

घराची गरज किती, हे लिहून काढल्याशिवाय मी भाव सांगत नाही. नऊ वॅटचे चार एलईडी पाच तास, २८ वॅटचा बीएलडीसी पंखा आठ तास, टीव्ही तीन तास, मोबाईल, गोठ्यात एक-दोन दिवे एवढ्याला दिवसाला पाऊण युनिट पुरतं. छोटा फ्रीज आला की पावणेदोनच्या आसपास. एक किलोवॅटचे पॅनेल, तीन मीटर व्यासाचा पंखा आणि १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या मालिकेत जोडून ४८ व्होल्ट, हा माझा नेहमीचा संच. चार बॅटऱ्यांत सात युनिटच्या वर वीज मावते, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे वापरायला साडेतीन युनिट, फ्रीज नसेल तर चार दिवसांचा साठा. २४ व्होल्ट का नको? कारण एवढ्याच वॅटला करंट दुप्पट होतो, आणि खांबापासून घरापर्यंतच्या केबलमध्ये वीज तापून जाते. बॅटऱ्या हवेशीर खोलीत ठेवाव्यात, स्वयंपाकघरात चुलीशेजारी नाही. भरताना त्यांतून हायड्रोजन निघतो. डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घालावं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग, पण जास्त खोल उतरवता येते आणि वर्षं जास्त काढते.

आणि विहिरीची मोटर? तीन अश्वशक्तीचा पंप निदान सव्वादोन किलोवॅट खातो. तो या संचावर चालणार नाही. त्यासाठी सौर कृषी पंप वेगळा घ्यावा.

घरच्या वाऱ्यावर दिवे लावण्याची ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स ब्रश यांनी १८८८ मध्ये आपल्या बंगल्यामागे १७ मीटर व्यासाची, देवदाराच्या १४४ पात्यांची पवनचक्की उभारली. तळघरात ४०८ बॅटऱ्या होत्या, आणि घर वीसेक वर्षं त्यावर उजळलं. स्कॉटलंडमध्ये स्कोरेग नावाचं, रस्ता न पोचलेलं एक द्वीपकल्प आहे. तिथं ह्यू पिगॉट यांनी लाकडी पाती तासून आणि चुंबकांची तबकडी बनवून घरगुती पंखे केले, आणि ते कसे करायचे ते सगळ्या जगाला शिकवलं. आपल्याकडचा गावचा सुतार आणि फॅब्रिकेशनवाला मिळून ते करू शकतात, याबद्दल मला शंका नाही.

पठारावर यंत्र लावताना तिथल्या जीवांचाही विचार करावा. चाळकेवाडीच्याच पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी आढळले. खाणारं कोणी उरलं नाही म्हणून पंखगळ्या सरड्यांची संख्या वाढली, आणि माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळू लागले. घरचा एक पंखा म्हणजे शेकडो मोठी यंत्रं नव्हेत. तरीही घार-ससाण्यांच्या कड्याजवळ किंवा वटवाघळांच्या गुहेच्या तोंडाशी तो लावू नये. कोयना-चांदोलीचा परिसर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय खांब उभा करू नये.

खर्चाबद्दल सरळ सांगतो. वॅटमागे सोलर आज कितीतरी स्वस्त आहे. चांगला पंखा, साठ फुटी खांब, तारा, कंट्रोलर असं धरलं तर पवनचक्कीचा भाग एकटाच लाखाच्या पुढे जातो. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सोलरला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, पण ते लाईनला जोडलेल्या घराला. छोट्या पवनचक्क्या आणि पवन-सौर संचांसाठी केंद्राची योजना एकेकाळी होती, आपल्या राज्यात महाऊर्जा ती राबवत असे. पाटण, जावळी, शिराळ्याच्या उंच वाड्यांसाठी तशी योजना पुन्हा यायला हवी. ज्यांच्या डोक्यावरून देशाला वीज गेली, त्यांच्या घरी आषाढात चार दिवे लागावेत, एवढी मागणी मोठी नाही.

कराड, सातारा, सांगली, मिरज, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) अशा गावांत, नदीकाठी किंवा दाट वस्तीत राहणाऱ्यांनी पवनचक्कीचा नाद सोडावा आणि तेच पैसे सोलरला लावावेत. जत, कवठेमहांकाळच्या उघड्या माळावर वस्ती असेल तर आधी सोलर बसवा. तिथं पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, पावसाळ्यातही ऊन मिळतं. पंख्याचा विचार नोंदी पाहून नंतर करा. ज्यांचं घर पाटण, सातारा, शिराळ्याच्या पठारावर आहे आणि पावसात लाईन टिकत नाही, त्यांनी येत्या मे महिन्याच्या आत वेगमापी खांबावर चढवावा. पावसाळा आणि हिवाळ्याच्या नोंदी हातात आल्या की त्या कागदासकट जवळच्या जाणकार इलेक्ट्रिशियनकडे जा, आणि मगच यंत्राला पैसे द्या.